जुमो ००४ : पुढून मागे

इंजिनाच्या तोंडाशी, हवा आत शिरते त्या गोलाच्या बरोबर मध्यावर, एक निमुळती टोपी आहे आणि टोपीच्या टोकाला ओढायची कडी. टोपीच्या आत दोन सिलिंडरचं, दहा अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेलं आहे. त्याचं नाव रीडेल. एरवी ते विजेच्या छोट्या मोटरवर सुरू व्हायचं. मोटर रुसली की मेकॅनिकने समोर उभं राहायचं आणि कडी ओढायची, शेतात फवारणी पंपाची दोरी ओढतात तशी. ताशी ८७० किलोमीटर वेगाच्या विमानाची सुरुवात इथून व्हायची.

आमचं दोघांचं आयुष्य जेट इंजिनांच्या ओव्हरहॉलमध्ये, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलं. संग्रहालयात कापून ठेवलेलं जुमो ००४, दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन जेट इंजिन, समोर आलं तेव्हा सवयीने पुढून मागे सुरुवात केली : आधी तोंड, मग हवा दाबणारा कॉम्प्रेसर, इंधन जळतं ते दहनकक्ष, तापलेल्या वायूने फिरणारं टर्बाइन आणि शेवटी वायू बाहेर पडतो ते नोझल. इंजिन संपल्यावर ते ज्यासाठी बनलं त्या मेसरश्मिट २६२ या जेट फायटर विमानाकडे वळलो. लिहितोही त्याच क्रमाने. या विमानाबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते : हिटलरने त्याचं बॉम्बर करायचा हट्ट धरला म्हणून ते उशिरा आलं. इंजिन उघडं पाहिलं की ती गोष्ट पटेनाशी होते. उशीर या नळकांड्यातच झालेला दिसतो, आणि कुठे कुठे झाला तेही बोट ठेवून दाखवता येतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. २७ ऑगस्ट १९३९ ला रोस्टोकजवळ हाइनकेल १७८ उडालं. जेटवर उडालेलं हे पहिलं विमान. त्याचं इंजिन हान्स फोन ओहाइनचं, आणि कॉम्प्रेसर केंद्रोत्सारी : हवा मध्यावर घ्यायची आणि गोफणीसारखी कडेला भिरकवायची. इंग्लंडात फ्रँक व्हिटलही तेच करत होता. अशी चकती मजबूत असते, बनवायला सोपी असते, पण तिचा घेर मोठा होतो. जर्मन हवाई मंत्रालयातला हेल्मुट श्येल्प इंजिन कंपन्यांच्या मागे लागला होता तो अक्षीय रचनेसाठी. तिच्यात छोट्या पंख्यांची एकामागे एक रांग असते, हवा सरळ मागे ढकलली जाते आणि इंजिन बारीक राहतं. डेसाऊच्या युंकर्स कारखान्यात हे काम आन्सेल्म फ्रान्झकडे आलं. त्याचा अनुभव पिस्टन इंजिनांत दाबून हवा भरणाऱ्या सुपरचार्जरचा, म्हणजे केंद्रोत्सारी चकत्यांचाच. तरीही त्याने अक्षीय मार्ग घेतला आणि अपेक्षा मुद्दाम माफक ठेवल्या. उत्तम इंजिनापेक्षा लवकर चालणारं इंजिन त्याला हवं होतं.

ती माफक अपेक्षा कॉम्प्रेसरमध्ये मोजता येते. हलक्या मिश्रधातूच्या आठ चकत्या एकमेकींना जोडून रोटर केलाय. आठ टप्पे, आणि दाब वाढतो साधारण ३.१ पट. म्हणजे एका टप्प्याला जेमतेम पंधरा टक्के. आजच्या इंजिनात दोन-तीन टप्प्यांत एवढं काम होतं. पण पंधरा टक्क्यांवर समाधान मानलं की हवा पात्यांवरून सुटण्याची, म्हणजे सर्ज होण्याची भीती कमी राहते. अक्षीय कॉम्प्रेसर कसा वागतो हे कुणालाच धड माहीत नव्हतं त्या काळात हा सौदा शहाणपणाचा होता.

पात्यांचे आकार ग्योटिंगेनच्या वायुगतिकी संस्थेतून आले, एन्के यांच्याकडून. हे ग्योटिंगेन म्हणजे लुडविग प्रांट्ल यांचं गाव. त्यांच्याच हाताखाली आपल्या विष्णू माधव घाटगे यांनी तिथे डॉक्टरेट केली आणि पुढे बंगळूरला एचटी-२ हे शिकाऊ विमान घडवलं. पात्याच्या आकाराचं गणित एकाच मास्तरांच्या शाळेतून दोन फार वेगळ्या ठिकाणी गेलं.

पहिला मोठा उशीर इथेच, कॉम्प्रेसरमध्ये. इंजिन पहिल्यांदा फिरलं ११ ऑक्टोबर १९४० ला. जानेवारी १९४१ मध्ये ते मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत गेलं आणि ४३० किलो रेटा, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, मिळाला. मग स्थिर पाती तुटू लागली. स्थिर पाती म्हणजे दोन फिरत्या चकत्यांमधली, हवा वळवून पुढच्या टप्प्याला देणारी. मूळ रचनेत ती बाहेरच्या कवचात एका टोकाला धरलेली होती आणि आतलं टोक मोकळं होतं. टेबलाच्या कडेला पट्टी एका बाजूने दाबून धरा आणि दुसरं टोक छेडा. ती थरथरत राहते. पुढून येणाऱ्या प्रत्येक फिरत्या पात्याची झुळूक या मोकळ्या टोकाला छेडत होती. एक पातं तुटलं की तुकडा मागच्या सात टप्प्यांतून प्रवास करतो. ओव्हरहॉलच्या टेबलावर असा कॉम्प्रेसर पाहिलेला माणूस तो विसरत नाही. उंदराने कुरतडलेल्या पानांसारख्या कडा दिसतात, मागे जावं तितक्या जास्त.

उपाय दोन झाले. पाती पोलादाची केली आणि आतली टोकं कड्यात बांधून टाकली. ऑगस्ट १९४१ मध्ये ६०० किलो रेटा मिळाला आणि डिसेंबरमध्ये इंजिन १००० किलोवर दहा तास सलग चाललं. १५ मार्च १९४२ ला ते मेसरश्मिट ११० विमानाच्या पोटाखाली टांगून हवेत नेलं. पहिल्या फिरकीपासून इथवर सतरा महिने गेले. खरं तर हे फार झपाट्याचं काम आहे.

पण हे होतं ००४ ए. या आवृत्तीत फ्रान्झने निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम हवं तिथे हवं तेवढं वापरलं होतं, कारण तिचा उद्देश तत्त्व सिद्ध करणं एवढाच होता. नाकेबंदीत अडकलेल्या जर्मनीत या धातूंची हजारो इंजिनं निघणार नव्हती. म्हणून ००४ बी. तेच इंजिन, पण दुर्मिळ धातू काढून, जाड ओतकामाच्या जागी पत्रा वापरून, वजन शंभर किलोंनी उतरवून. कापलेल्या नमुन्यात जे दिसतं ते हे बी. आणि याला नुसतं स्वस्त इंजिन म्हणणं चूक आहे. बीमधली प्रत्येक काटकसर विचार करून केलेली आहे, फक्त प्रत्येकीची किंमत कुठेतरी मागच्या भागात वसूल झाली आहे.

दहनकक्षांत हे नीट कळतं. रोटरच्या भोवती सहा नळकांडी आहेत. सलग कंकणाकृती कक्ष हलका आणि आटोपशीर झाला असता, हे फ्रान्झला ठाऊक होतं. पण कंकण तपासायला अख्ख्या इंजिनाएवढी दाबाची हवा लागते. एक नळकांडं तपासायला तिचा सहावा हिस्सा पुरतो, आणि तेवढीच सोय हाताशी होती. नळकांड्याच्या पोटात इंधनाचा फवारा उलट्या दिशेला, येणाऱ्या हवेच्या तोंडावर मारलेला आहे, म्हणजे इंधन आणि हवा मिसळायला थोडी जास्त जागा मिळते. ठिणगीचे प्लग सहापैकी तीनच कक्षांत. एक सोडून एक. बाकीचे तीन शेजाऱ्याकडून जोडनळीतून पेट घेतात. ही पद्धत आजही चालते.

धातू मात्र साधं पोलाद. त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन भट्टीत भाजलेला. जिथे निकेलचा मिश्रधातू हवा तिथे हा मुलामा काही तास गंज आणि पापुद्रे थोपवतो, मग हार मानतो. ज्योत कुठे वाकडी झाली की तिथला पत्रा आधी काळा-निळा पडतो, मग फुगतो, मग त्याला भोक पडतं. भोकातून वाट चुकलेली हवा टर्बाइनच्या एकाच भागावर गरम पट्टा पाडते. म्हणजे दहनकक्षाचा दोष सापडतो तो बहुधा त्याच्या मागच्या भागावर, जळालेल्या पात्यांवर. नवा मेकॅनिक पाती बदलतो आणि नळकांडं तसंच ठेवतो. दहा तासांनी तेच काम पुन्हा.

आता टर्बाइन. इथे आम्ही सर्वात जास्त वेळ उभे होतो.

चकती एकच, तिच्यावर ६१ पाती. पुढे दिशा देणारी ३५ स्थिर पोकळ पाती. वायू सुमारे ७७५ अंश सेल्सिअसला येतो. १९४३ च्या उन्हाळ्यात बीची इंजिनं मंत्रालयाच्या चाचण्यांना उभी राहिली आणि फिरती पाती मुळाशी तुटू लागली. धातू खराब, अशी पहिली शंका येते. धातू कमअस्सल होताच, त्यामुळे ती शंका फार काळ टिकते आणि वेळ खाते. खरं कारण होतं अनुनाद.

हिशोब सोपा आहे, पण आधी सुचायला हवा. मिनिटाला ९००० फेरे म्हणजे सेकंदाला १५०. पुढे सहा दहनकक्ष आहेत आणि प्रत्येकाच्या मागे वायूचा जोर थोडा जास्त असतो. म्हणून एका पात्याला एका फेऱ्यात सहा धक्के, सेकंदाला ९००. पात्याचा स्वतःचा थरथरण्याचा वेग नेमका याच्या आसपास आला की प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यात भर घालतो. झोका योग्य वेळी ढकलत राहावं तसं. भरीला टर्बाइनच्या मागे नोझलचं कवच धरणारे तीन खांब होते. तेही वायूच्या वाटेत अडथळे आणून ठोके देत होते. पूर्ण वेगाला, म्हणजे उड्डाणाच्या क्षणी, इंजिन स्वतःलाच मोडत होतं.

हे निदान झालं ते माक्स बेंटेले या पात्यांच्या कंपनांचे जाणकार असलेल्या अभियंत्याच्या मदतीने. पात्यांचा स्वर शोधायला फ्रान्झने व्हायोलिनचा गज आणि कान तयार असलेला संगीतकार वापरला. गज पात्याच्या कडेवरून ओढायचा आणि उमटलेला स्वर ओळखायचा. ही गोष्ट ऐकून लोक हसतात, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. पात्याला टिचकी मारून ऐकायची सवय आमच्या कामात सगळ्यांनाच असते. तडा गेलेलं पातं बद्द वाजतं, फुटक्या मडक्यासारखं.

दुरुस्ती तीन भागांत झाली. पातं एक मिलिमीटरने आखूड केलं. टोकाकडे ते जास्त निमुळतं केलं, म्हणजे टोकाचं वजन घटलं. दोन्हीमुळे त्याचा स्वर चढला. आणि कमाल फेरे ९००० वरून ८७०० वर आणले. धक्के सेकंदाला ८७० झाले. एकीकडे पात्याचा स्वर वर, दुसरीकडे धक्क्यांचा वेग खाली, मधे फट. तीनशे फेऱ्यांच्या बदल्यात थोडा रेटा गेला. बीचा अधिकृत रेटा ९०० किलो राहिला. हे सगळं आटोपेपर्यंत १९४३ संपत आलं होतं. हे महिने लक्षात ठेवा. बॉम्बरच्या गोष्टीकडे परत जाताना ते लागतील.

फेरे जुळले तरी धातू उरतोच. सुरुवातीची भरीव पाती टिनिडूर नावाच्या मिश्रधातूची : साधारण ३० टक्के निकेल, १५ टक्के क्रोमियम, थोडं टिटॅनियम, बाकी लोखंड. एवढं निकेलही परवडेना, म्हणून क्रोमाडूर आला. त्यात निकेलच्या जागी १८ टक्के मँगेनीज आणि १२ टक्के क्रोमियम. उष्णतेत तो टिनिडूरपेक्षा कच्चा. ती उणीव भरून काढायला पाती पोकळ केली आणि मुळातून हवा आत सोडून टोकातून बाहेर काढली. गरम भागातलं पातं आतून थंड ठेवायची ही युक्ती आज जवळजवळ प्रत्येक प्रवासी जेट विमानाच्या इंजिनात आहे. ती तंगीतून आली.

पोकळ पातं बनवायच्या दोन रीती होत्या आणि दोन्ही धातूच्या स्वभावावर ठरल्या. टिनिडूरला वेल्डिंग सोसत नाही. म्हणून गोल चकती घेऊन ती टप्प्याटप्प्याने दाबून टोपी करायची, टोपीची नळी करायची आणि नळी चपटी करून पात्याचा आकार द्यायचा. क्रोमाडूरला वेल्डिंग चालतं. त्याचा पत्रा दुमडायचा आणि मागची कड शिवून टाकायची. दुसरी रीत कितीतरी स्वस्त. म्हणजे कमी प्रतीचा धातू कारखान्याच्या दृष्टीने सोयीचा ठरला.

पात्यांचं मरण बहुधा तुटून येत नाही, लांबून येतं. तापलेलं पातं केंद्रोत्सारी ओढीने ताणलं जातं, केसाच्या जाडीने, दर उड्डाणाला थोडं. एक दिवस टोक कवचाला घासतं. घासल्याची चमकदार रेघ दिसली की इंजिन उतरवायचं, हा साधा नियम. कागदावर दोन ओव्हरहॉलमधलं आयुष्य २५ तास होतं. प्रत्यक्षात दहाच्या आसपास. दहा तास म्हणजे या विमानाची दहा-बारा उड्डाणं.

टर्बाइनच्या मागे नोझलमध्ये कांद्याच्या आकाराचा शंकू आहे. जर्मन मेकॅनिक त्याला कांदाच म्हणत. तो पुढे-मागे सरकतो आणि तोंडाची वाट कमी-जास्त करतो. सुरू करताना वाट रुंद ठेवायची, म्हणजे वायू कोंडत नाहीत आणि पाती भाजत नाहीत. उड्डाणाला कांदा मागे जातो, वाट अरुंद होते, रेटा वाढतो. त्याला हलवणारी दांडी तुटली आणि कांदा सुटून तोंडात बसला तर त्या बाजूचा रेटा एका क्षणात जातो. विमान त्या बाजूला झटक्याने वळतं, आणि वेग जास्त असला तर सावरत नाही.

सुरू करायचा क्रम असा. रीडेलला तीन ते पाच सेकंद पेट्रोल पाजायचं, मग सुरू करायचं. तो मुख्य रोटर फिरवू लागतो. फेरे ८०० झाले की थ्रॉटलच्या दांड्यावरचं बटण दाबायचं. त्याने ठिणगी आणि सुरुवातीचं पेट्रोल दोन्ही चालू होतं, कारण मुख्य इंधन, कोळशापासूनचं डिझेलसारखं जे-२, थंड कक्षात पेटत नाही. १८०० ते २००० च्या दरम्यान रीडेल सोडायचा, थ्रॉटल आयडलच्या, म्हणजे किमान वेगाच्या, खाचेत आणायचा आणि जे-२ सुरू करायचं. ३००० ला इंजिन स्थिर झालं की बटण सोडायचं. डोळा पूर्ण वेळ वायूच्या तापमानावर.

बिघडतं ते इथे. पेट्रोल आलं आणि ठिणगी नाही, तर ते नळकांड्यांच्या तळाशी साचतं. घाईने दुसरा प्रयत्न केला की सगळं एकदम पेटतं आणि मागून विमानाच्या लांबीची ज्वाळा निघते. साचलेलं इंधन निथळू द्यायचं, इंजिन न पेटवता फिरवून हवा मारायची, मगच पुन्हा. दुसरी चूक म्हणजे रीडेल लवकर सोडणं. रोटर स्वतःच्या बळावर चढण्याआधी मदत गेली की फेरे अडकतात, इंधन मात्र येत राहतं, तापमान चढतं. काटा चढत असताना फेरे चढत नसतील तर तत्काळ बंद, ही आमच्याकडचीही पहिली शिकवण.

सुरू झाल्यावरही ६००० फेऱ्यांच्या खाली इंजिनाला गव्हर्नर, म्हणजे फेरे पाहून इंधन आपोआप सांभाळणारं यंत्र, नाही. थ्रॉटल म्हणजे थेट इंधनाचा नळ. पायलटने दांडा झटक्यात पुढे केला तर इंधन लगेच वाढतं, पण जड रोटरला वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणजे हवा मागे राहते. मग एकतर पाती भाजतात, नाहीतर ज्योत विझते. पिस्टन इंजिनावर वाढलेल्या पायलटचा हात नेमकं हेच करायला शिकलेला असतो. ६००० च्या वर गव्हर्नर सांभाळून घेतो. म्हणून उतरताना धावपट्टी नक्की मिळेपर्यंत फेरे ६००० च्या खाली आणायचे नाहीत आणि दांडा इंच-इंचाने सरकवायचा. त्यामुळे उतरणं लांबलचक, सरळ आणि संथ. दोस्त राष्ट्रांच्या फायटर पायलटांना हे कळल्यावर ते विमानतळांच्या आसपासच घिरट्या घालू लागले.

विमानाकडे आलं की पहिलं लक्ष जातं पंखांकडे. कडा १८.५ अंश मागे कलत्या आहेत. हा ध्वनिवेगाजवळचा दूरदृष्टीचा विचार होता असं अनेकदा छापून येतं. कारण जास्त घरगुती आहे. आराखडा आखताना गृहीत धरलेली बीएमडब्ल्यूची इंजिनं अपेक्षेपेक्षा मोठी आणि जड निघाली. ती पंखात मावेनात, पंखाखाली टांगावी लागली, गुरुत्वमध्य सरकला आणि तोल जागेवर आणायला पंखांचा बाहेरचा भाग मागे वळवला.

इंजिन वेळेवर आलंच नाही म्हणून १८ एप्रिल १९४१ ला पहिला नमुना नाकावर जुमो २१० पिस्टन इंजिन आणि पंखा (प्रोपेलर) लावून उडवला. पायलट फ्रिट्झ व्हेंडेल. हे विनोदी दिसतं, पण सांगाड्याच्या वागणुकीची मापं यातून वर्षभर आधी मिळाली. २५ मार्च १९४२ ला बीएमडब्ल्यूची जेट इंजिनं जोडून उड्डाण केलं. नाकावरचं पिस्टन इंजिन तसंच ठेवलं होतं. थोड्याच वेळात दोन्ही जेट बंद पडली. कॉम्प्रेसरची पाती तुटली होती. व्हेंडेल नाकावरच्या इंजिनाने परत आला. ते काढून टाकलं असतं तर विमान आणि पायलट दोन्ही गेले असते.

१८ जुलै १९४२ ला लाइपहाइमला तिसरा नमुना दोन जुमोंवर, पंख्याशिवाय उडाला. मागचं चाक शेपटीखाली होतं, त्यामुळे विमान उभं असताना नाक वर. पंख्याचा झोत नाही, म्हणून शेपटीच्या पृष्ठांवर हवा नाही, आणि पंख त्यांना झाकून टाकतात. वेग वाढूनही शेपटी उचलेना. उपाय ठरला तो असा : ताशी १८० किलोमीटरला पोचलं की ब्रेकला क्षणभर पाय लावायचा, विमान पुढे झुकतं, शेपटी उचलली जाते, हवा मिळते आणि मग ओढायचं. व्हेंडेलने केलं आणि जमलं. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या पायलटला तो क्षण साधला नाही आणि विमान धावपट्टी संपून पुढे गेलं. ब्रेक मारून उड्डाण करणं हा युद्धातल्या नव्या पायलटांना शिकवायचा धडा नव्हे. नाकाखाली चाक हाच उपाय होता. जून १९४३ मध्ये पाचव्या नमुन्याला ते पक्कं बसवलं आणि त्या शरदात सहाव्याला आत ओढलं जाणारं मिळालं.

नाकात चार एमके १०८ तोफा, ३० मिलिमीटरच्या. वरच्या जोडीला प्रत्येकी १०० गोळे, खालच्या जोडीला ८०. गोळा भारी, नळी आखूड, म्हणून वेग सेकंदाला जेमतेम ५४० मीटर. अंतर फार जवळ आणावं लागे. इंधनाच्या टाक्या ९०० लिटरच्या दोन, शिवाय १७० आणि ६०० च्या. एवढं पिऊन हवेत तास-सव्वा तास. म्हणून जमिनीवर इंजिन चालवणं परवडत नसे. धावपट्टीच्या तोंडापर्यंत केटनक्राड, म्हणजे पुढून मोटरसायकल आणि मागून पट्टेवालं ट्रॅक्टर असं एक वाहन, विमान ओढत नेई.

आता ते बॉम्बर प्रकरण. २६ नोव्हेंबर १९४३ ला इन्स्टरबुर्गला हिटलरने विमान पाहिलं आणि बॉम्ब नेईल का विचारलं. विमानाचा कारखानदार मेसरश्मिट हो म्हणाला. मे १९४४ मध्ये फायटरच बनत आहेत हे कळल्यावर हिटलर भडकला. हे खरं आहे. पण त्या नोव्हेंबरात टर्बाइनची पाती अजून तुटत होती. पुढच्या वसंतात सांगाडे तयार होऊन इंजिनांची वाट पाहत उभे होते. बॉम्ब टांगायचे हुक लावायचा हुकूम नसता तरी त्या सांगाड्यांना लावायला इंजिनं नव्हती. हुकुमाने नुकसान झालं ते पायलटांच्या आणि तुकड्यांच्या वाटपात. तारखांवर त्याचा परिणाम किरकोळ.

लेखफेल्डच्या चाचणी तुकडीने २६ जुलै १९४४ ला पहिल्यांदा शत्रूच्या मॉस्किटो विमानावर हल्ला केला. एकूण सुमारे १४०० विमानं बनली. एका वेळी लढायला उभी असलेली त्यातली थोडीच. इंजिनं ६००० च्या आसपास. दर दहा तासांनी उतरणारं इंजिन एका विमानाला किती लागतं, हे त्या दोन आकड्यांत दिसतं. ही विमानं आणि इंजिनं बनवणारे हात कुणाचे हेही सांगायला हवं. नॉर्डहाउझेनजवळच्या बोगद्यांत, गुसेनच्या भुयारी कारखान्यात छळछावण्यांतल्या कैद्यांकडून हे काम करून घेतलं गेलं आणि त्यातले हजारो तिथेच मेले. पत्रा दुमडून वेल्डिंग केलेलं पातं अकुशल हाताला जमतं, असं तांत्रिक अहवालात लिहितात. अकुशल म्हणजे कोण, ते या बोगद्यांत गेल्यावर कळतं.

युद्धानंतर हे इंजिन थोडा काळ इतरांकडे चाललं. रशियनांनी त्याला आरडी-१० म्हणून याक-१५ मध्ये बसवलं. चेकोस्लोव्हाकियात अख्खं विमानच एस-९२ नावाने उडालं. पुढे अमेरिकेत काही जणांनी मूळ विमान मोजून २६२ नव्याने बांधायला घेतलं आणि डिसेंबर २००२ मध्ये पहिलं उडवलं. सांगाडा मूळ मापांचा, पंखाखालची नळकांडी बाहेरून हुबेहूब जुमोची. त्यांच्या आत मात्र जनरल इलेक्ट्रिकचं सीजे-६१० : जुमोच्या ७०० किलोंहून जास्त वजनासमोर जेमतेम १८० किलोचं, आणि ताकद तरीही जास्त. बाकी सगळं विमान परत बांधता आलं. तोंडाशी ओढायची कडी असलेलं ते इंजिन मात्र त्यांनी परत बांधायला घेतलं नाही.